कळलं असं मानून

५ जुलै
मुलींचं वसतिगृह, खोली क्रमांक १७

आत्या,

नमस्कार आधी आणि बातमी लगेच मागे, कारण तुला पाल्हाळ आवडत नाही. शेवटच्या वर्षाला आम्हा प्रत्येकाला एक शोधनिबंध लिहायचा असतो. विषय महिनाअखेरपर्यंत द्यायचा. त्यातला सगळ्यात चांगला निबंध डिसेंबरात न्यायाधीश आणि प्राध्यापकांच्या सभेत वाचायला मिळतो. कॉलेजातून दरवर्षी एकच. तो मी वाचणार आहे. माझं ठरलंय, कॉलेजला अजून कळायचंय.

विषय ऐकून तू खुर्चीत सरळ बसशील. चंद्रावरच्या जमिनीची मालकी. उद्या तिथे कुणी कुंपण घातलं तर दावा कुठल्या कोर्टात लावायचा, कोण निकाल देणार, तो अमलात कोण आणणार. वर्गात हे कुणाच्याही डोक्यात आलेलं नाही.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "ताईला आधी कळव. कायद्यातलं तिला समजतं, मला बसचे गिअर समजतात." तुला फोन करून उपयोग नाही. फोनवरचं हवेत जातं आणि कागदावरचं राहतं, असं तू म्हणतेस. कोर्टाचे कागद एकोणतीस वर्षं लोकांच्या दारी पोचवणाऱ्या बाईशी यावर कोण वाद घालणार? म्हणून हे पत्र.

आठवीच्या सुट्टीत तू मला कोर्टात नेलं होतंस. बाहेरच्या बाकावर बसवून म्हणालीस, "आत काळ्या डगल्यात उभे आहेत ना, त्यांच्यासारखं व्हायचं. माझ्यासारखं नाही." त्यातलं पहिलं वाक्य मी फार मनावर घेतलंय.

तुझी उडाणटप्पू
भिंगरी

११ जुलै
कोर्ट, बजावणी विभाग, खिडकीजवळचं टेबल

भिंगरे,

पत्र मिळालं. एकदा माझ्यासाठी वाचलं आणि एकदा डबा खाताना सगळ्यांसाठी. टायपिस्टबाईंनी विचारलं, "चंद्रावर समन्स कोण बजावणार?" मी म्हटलं, "मीच. मार्चअखेर निवृत्त होते आहे, त्याआधी एक फेरी मारून येईन." मोठे साहेब सहसा हसत नाहीत, ते हसले. म्हणाले, "तुमची भाची का?" मी म्हटलं, "भावाची मुलगी. आमच्या घरातली पहिली वकील." अजून झाली नाहीस, हे मी सांगितलं नाही. तेवढी ढिलाई मी माझ्या कामात करत नाही, तुझ्या बाबतीत केली.

आमचं नेहमीचं चालू आहे. काल तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांकडे तिसरी फेरी होती. दाराला बाहेरून कुलूप, पण मीटरची चकती भराभर फिरत होती आणि पायपुसणं ओलं होतं. मी जिन्यात बसून राहिले. वीस मिनिटांनी आत सणसणीत शिंक आली. मी बाहेरूनच म्हटलं, "औषध घ्या, आणि त्याबरोबर हा कागदही घ्या." बिचारे मागच्या दाराने आले आणि मुकाट्याने सही करून गेले.

हे आपलं सहज सांगितलं. तू चंद्राचं बघ. खोकला झाला असेल तर गरम पाणी पी, तुझा बाप सांगायचा विसरतो.

आत्या

१९ जुलै

आत्या,

चंद्र गेला.

आमच्या मार्गदर्शक बाई म्हणजे पाच फूट उंचीची करवत. मी विषय सांगितला. त्यांनी चष्मा काढला. "चंद्रावर तुझ्या ओळखीचं कोण राहतं?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग तू दहा पुस्तकं वाचून अकरावं लिहिणार. ते मी वाचलेलं आहे." मी लगेच दुसरा विषय काढला, यंत्राने दिलेला निकाल. त्या म्हणाल्या, वर्गातल्या चौदा जणांनी हाच दिलाय. मग त्यांनी विचारलं, "या वर्गात दुसऱ्या कुणालाही माहीत नाही असं तुला काय माहीत आहे?"

खोलीवर येऊन तोंड पाडून बसले. माझी खोलीतली मैत्रीण म्हणाली, निदान तुझ्या आत्याचं शिंकेचं पत्र तरी परत वाच, हसू येईल. मी मोठ्याने वाचलं. ती हसली, मग म्हणाली, "आणि तो शिंकला नसता तर?"

आत्या, मी तिथेच अडकले आहे. शिंकला नसता तर तू समन्स दारावर डकवलं असतंस. कायदा सांगतो, माणूस सापडलाच नाही तर प्रत दारावर डकवा. डकवली की त्याला कळलं असं मानलं जातं. मग तो आला नाही तर त्याच्यावाचून दावा चालतो आणि एकतर्फी निकाल लागतो. घर जाऊ शकतं. हे सगळं उभं आहे ते "मानलं जातं" या दोन शब्दांवर, आणि त्या दोन शब्दांखाली तुझ्यासारख्या एका बेलिफचा चार ओळींचा शेरा. पुस्तकांत या चार ओळींबद्दल जवळजवळ काहीच नाही. पुस्तकं लिहिणारे कधी जिन्यात बसलेले नाहीत.

सोबत वीस प्रश्न जोडले आहेत. उत्तरं क्रमाने दे.

विषय न मिळालेली
भिंगरी

२४ जुलै

भिंगरी,

मी नाराज आहे. आधी ते सांगते आणि मग कामाचं.

मी सगळ्या कोर्टाला चंद्र सांगून बसले. आता काय सांगू, भाची माझ्या चपलांवर निबंध लिहिते आहे? मी एवढी वर्षं लोकांची दारं वाजवली. दार उघडणाऱ्याचा चेहरा मला बघूनच पडतो. दाराआड कुणी माझी वाट बघतंय असं मला कामात एकदाही वाटलेलं नाही. तुला यातून बाहेर काढायचं म्हणून तुझ्या बापाच्या मागे लागून तुला शिकायला पाठवलं, आणि तू फिरून तिथेच. मोठं काहीतरी घे.

तरी प्रश्न विचारलेस, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं माझ्या हाडात नाही.

प्रश्न १. फेऱ्या किती. निदान तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी. सकाळी एक, दुपारी एक, दिवेलागणीला एक. सकाळी अकराला तीनदा जाणारा बेलिफ माणसाला शोधत नसतो, टाळत असतो.

प्रश्न ४. घरात कुणी राहतं का, हे कसं ओळखायचं. कुलपावरची धूळ बघायची. चावीच्या भोकाशी ती पुसलेली असेल तर कुलूप रोज उघडतं. पत्रपेटी तुंबली आहे का. कुंडीतली माती सुकली आहे का. दोरीवरचे कपडे काल होते तेच आहेत का.

प्रश्न ६. शेजाऱ्यांना काय विचारायचं. "कुठे गेलेत" असं विचारलं की लोक गप्प होतात. "त्यांचं पत्र आलंय, केव्हा भेटतील" असं विचारावं. खोटंही नाही आणि माणूस बोलतो.

प्रश्न ११. डकवायचं कशाने. खळ स्वतःची न्यायची. कोर्टातली पातळ असते, दोन दिवसांत कागद सुटतो. चारही कोपरे आणि मधली रेघ. दार वाऱ्याच्या तोंडी असेल तर कागद कडीच्या वर.

बाकीची उत्तरं मागच्या पानावर आहेत. आता विषय बदल.

आत्या

३१ जुलै

आत्या,

विषय बदलला नाही. आज मंजूर झाला.

तुझी उत्तरं बाईंनी टेबलाशी उभ्यानेच वाचली, मग बसून पुन्हा वाचली. म्हणाल्या, "या बाई कोण?" मी म्हटलं, "बेलिफ आहेत. त्यांनी नाव घालू नकोस असं सांगितलंय." हे मी मनाचंच सांगितलं, कारण तू नाराज होतीस. त्या म्हणाल्या, "कायद्याच्या शाळेत हे कुणी शिकवत नाही." निबंधाचं नाव, 'कळलं असं मानून : दारावर डकवलेल्या समन्सचा अभ्यास'.

तू दोन प्रश्न गाळलेस. नववा, दारावर डकवलं आणि माणसाला कळलंच नाही, असं तुझ्या हातून कधी झालं का. आणि चौदावा, इतक्या वर्षांत तू विभागप्रमुख का झाली नाहीस. चौदाव्याचं उत्तर मला माहीत आहे, घरी सगळे सांगतात. आत्याला चालायला आवडतं आणि जबाबदारीची धास्ती वाटते. नवव्याचं उत्तर 'कधीच नाही' असणार आणि स्वतःचं कौतुक करायला तुला लाज वाटली असणार. मी तसंच धरून चालते.

तुझी
भिंगरी

३ सप्टेंबर

आत्या,

एक कबुली द्यायची आहे. गेल्या आठवड्यात मी चार दिवस तुझ्याच गावात होते, तुझ्याच कोर्टाच्या जुन्या कागदांच्या खोलीत, आणि तुला भेटले नाही. बाईंची अट होती, आधी फायली बघ, मग माणसांना विचार. बसस्थानकामागच्या एका लॉजमध्ये राहिले. घर रिकामं करण्याचे दावे, दोनशे बारा फायली. धुळीने नाक चोंदलं. तिसऱ्या दिवशी खिडकीतून तू दिसलीस. खांद्यावर पिशवी, आवारातून बाहेर पडताना थांबून चपलेचा पट्टा लावत होतीस. मी हाक मारणार होते. मारली नाही.

त्याच दुपारी मला एका शिवणकामवाल्या बाईची फाईल मिळाली.

सतरा वर्षांपूर्वीची. घरमालकाचा दावा, समन्स तुझ्याकडे. पहिला शेरा, कुलूप. दुसरा, कुलूप. तिसऱ्यावर तुझं अक्षर, मी लगेच ओळखलं : "शेजाऱ्यांकडून समजले की सदर बाई पाय मोडल्याने रुग्णालयात आहेत. समक्ष जाऊन खात्री केली; रुग्णालयाने भेटू दिले नाही. दारावर डकवल्यास त्यांना कळणार नाही. सबब डकवलेले नाही." चौथ्या वेळी पुन्हा तेच. पाचव्या वेळी पुन्हा तेच. मालकाच्या वकिलाने तक्रार केली. साहेबांनी विचारलं, डकवायचा हुकूम असताना का डकवलं नाही. तुझं उत्तर फाईलला लावलेलं आहे. एकच ओळ. "मला ठाऊक असताना तिला कळले असे मी लिहू शकत नाही." त्याखाली हुकूम : कर्तव्यात कसूर, ताकीद, बढतीसाठी नाव विचारात घेऊ नये.

आणि शेवटच्या पानावर, सात आठवड्यांनी ती बाई कुबड्या घेऊन कोर्टात हजर. तिने आपली बाजू मांडली. तिचं घर तिच्याकडेच राहिलं.

मी त्या खोलीत स्टुलावर बसून रडले. शिपाईकाका म्हणाले, धुळीने होतं असं. सतरा वर्षं आम्ही सगळे घरी बसून म्हणतोय की आत्या भित्री आहे. मीही म्हटलंय. तू एकदाही बोलली नाहीस.

निबंधाचा कच्चा मसुदा सोबत पाठवते. शेवटचं सगळं प्रकरण तुझ्यावर आहे. मी फायलींची प्रतवारी केली आहे. शेऱ्यांवरून 'आदर्श', 'बरी' आणि 'संशयास्पद' असे तीन गट. आदर्शमध्ये एकोणीस फायली, त्यातल्या अकरा तुझ्या. मी लिहिलंय की काही बेलिफ जात्याच प्रामाणिक असतात आणि कायदा त्यांच्या पाठीवर उभा आहे.

वाच आणि एकदा तरी खूश हो.

तुझ्यामुळे ताठ मानेने चालणारी
भिंगरी

१० सप्टेंबर

भिंगरी,

चार दिवस गावात होतीस आणि लॉजमध्ये राहिलीस. हे मी विसरणार नाही. बाईंची अट बरोबर होती, हेही लिहून ठेवते.

मसुदा वाचला. भाषा चांगली आहे. तुझ्या बापाला वाचून दाखवला तर तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ बस पुसत बसला. "मी ताईला चुकीचं समजलो," म्हणाला. त्याच्याकडून हे ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता शेवटचं प्रकरण काढून टाक. निदान मी सांगते ते ऐकेपर्यंत.

नववा प्रश्न मी लाजून गाळला नव्हता.

शिवणकामवाल्या बाईच्या आधी सहा वर्षं. एक घड्याळजी होते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत दुकान. मालकाने दावा लावला. मी गेले, कुलूप होतं. कुणालाही विचारलं नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे चाळीस कागद होते आणि पायाला घट्टे पडले होते. कारण म्हणून एवढंच आहे, याहून मोठं काही नाही. त्याच वेळी डकवलं आणि टेबलाशी बसून तीन फेऱ्यांचा शेरा लिहिला. तीन तारखा, तीन वेळा, सकाळ, दुपार, संध्याकाळ. शेजारी विचारणा केली असंही लिहिलं. एकदाच गेले होते, भिंगरी.

ते डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेले होते. अडीच महिन्यांनी परतले तेव्हा दाराला दुसऱ्याचं कुलूप होतं. ते कोर्टात आले. मी खिडकीशी उभी होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, कागद लावलात तेव्हा एकदा हाक मारली होतीत का?" मी म्हटलं, "मारली होती." ते म्हणाले, "मग बरोबर आहे." आणि गेले.

तुझ्या आदर्श गटात ती फाईल आहे का बघ. क्रमांक खाली दिला आहे.

तू लिहिलंयस, जात्याच प्रामाणिक. मी जात्या काही नव्हते. मी शिकले, आणि दुसऱ्याच्या घराच्या बदल्यात शिकले. पुढे ती बाई रुग्णालयात सापडली तेव्हा मला तिच्या जागी घड्याळजी दिसत होते, म्हणून हात चालला नाही. निबंधात घालायचं तर दोन्ही घाल. नाहीतर एकही नको.

आत्या

२१ सप्टेंबर

आत्या,

फाईल मिळाली. आदर्श गटात होती. पहिल्या क्रमांकावर. समासात मी लिहिलंय, "असा शेरा सगळ्यांनी लिहावा."

तीन दिवस मी पेनाला हात लावला नाही. तुझा राग आला होता, तेही सांगते. तू मला एक माणूस दिलंस आणि आठवड्यात परत घेतलंस, असं वाटलं. मग फायलींच्या नोंदी पुन्हा काढल्या. माझी सगळी प्रतवारीच चुकीची आहे. मी शेरे वाचून फेऱ्या खऱ्या धरल्या. कोर्टानेही तेच केलं. शेरा जितका सुबक, तितकी आमची खात्री पक्की. खऱ्या फेऱ्यांचा शेरा खोडाखोडीचा असतो, त्यात शेजारणीचं नाव असतं, पावसाने फुटलेली शाई असते. तुझे नंतरचे बरेच शेरे तसेच आहेत. मी ते 'बरी' गटात टाकले होते, अक्षर गचाळ म्हणून.

निबंध मी पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिते आहे. बाई म्हणाल्या, "आता तुझ्याकडे विषय आहे. आधी नुसतं कौतुक होतं."

पण त्यांनी आणखी एक विचारलं. तुझ्या निवृत्तीला सहा महिने आहेत. हे छापून आलं तर चौकशी लागू शकते, पेन्शन अडकू शकते. नाव नसलं तरी त्या कोर्टातल्या कुणालाही कळेल. त्या म्हणाल्या, घड्याळजींशिवायही निबंध उभा राहील, लंगडा, पण राहील. मला ठरवता येत नाही. तू म्हणशील तसं करते, आणि या वेळी तू खरंच म्हणशील तसंच.

भिंगरी

२ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझ्या निबंधाची वाट बघत बसले नाही. सोमवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि माझ्या हाताने लिहिलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. फाईलचा क्रमांक, खोट्या तारखा, खरी तारीख. त्यांनी वाचलं. म्हणाले, "तेवीस वर्षांनी? कुणी विचारलंय का तुम्हाला?" मी म्हटलं, "भावाच्या मुलीने विचारलंय." त्यांनी कागद ठेवून घेतला. काय करतील ते करतील. मला झोप लागते आहे.

मग रजा टाकून घड्याळजींच्या मुलीकडे गेले. ते स्वतः आठ वर्षांपूर्वी वारले. तिचं घर शोधायला दोन दिवस लागले. शोधणं मला येतं. दार वाजवलं आणि हाकही मारली. पन्नाशीच्या बाई बाहेर आल्या. मी कोण ते सांगितलं, मग म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या दारावर समन्स मी लावलं होतं. तीनदा आले असं लिहिलं. मी एकदाच आले होते, आणि हाक मारली नव्हती."

त्या कडी धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे की कागद मलाच दिसला नसेल. निघायच्या आधीच लागला असेल आणि माझ्या डोळ्यांनी दगा दिला असेल. आम्हीही तेच धरलं होतं."

त्यांनी आत बोलावलं नाही आणि ते योग्यच होतं. तुझ्या निबंधाचं सांगून परवानगी विचारली. म्हणाल्या, "लिहा. पण त्यांना विसराळू म्हणू नका. त्यांनी आयुष्यात एक तारीख चुकवली नव्हती." मी तिथेच वहीत उतरून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

त्यांचं वाक्य जसंच्या तसं घाल. लंगडा निबंध वाचायचा नाही.

आत्या

१६ डिसेंबर

आत्या,

तुला कामामुळे येता आलं नाही, म्हणून सगळं सांगते, आणि या वेळी पाल्हाळ लावणार आहे.

मोठं सभागृह. पुढच्या रांगेत पाच न्यायाधीश, मागे प्राध्यापक, त्यामागे आम्ही. बाबा सगळ्यात मागे, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात मांडीवर. कॉलेजातून माझं नाव लागल्यापासून ते रोज फोन करून विचारत होते की बसायची जागा मिळेल ना.

मी वाचलं. आधी घड्याळजी, मग शिवणकामवाल्या बाई. मग दोनशे बारा फायली, आणि माझी चुकलेली प्रतवारी. ती चूक मी स्वतःच्या नावावर वाचली. माझी मागणी साधी होती. डकवण्याआधी कुणाला विचारलं, त्या माणसाची सही शेऱ्यावर असावी, आणि बेलिफच्या वाट्याला एका दिवशी पोचवता येतील तितकेच कागद असावेत. घड्याळजींच्या मुलीचं वाक्य जसंच्या तसं वाचलं.

मग प्रश्न. मधल्या न्यायाधीशबाईंनी माईक ओढला. "दोन्ही फायलींतला बेलिफ एकच आहे, असं तुम्ही म्हणता. त्यांनी आधी खोटं लिहिलं होतं. मग आज त्या खरं सांगतात यावर तुम्ही विश्वास कसा ठेवलात?"

निबंधात मी तुला 'एक बेलिफ' म्हटलंय. साहेबांना दिलेल्या तुझ्या कागदाची प्रत माझ्या पिशवीत होती, तेवढी दाखवून भागलं असतं. मी ती दाखवली. मग म्हटलं, "त्यांना हे सांगण्याची कुणी सक्ती केली नव्हती. माझा निबंध त्यांच्या कौतुकाने संपत होता, तो त्यांनी मोडायला लावला." न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुम्ही ओळखता त्यांना?"

मी म्हटलं, "माझी आत्या आहे."

मी हे इतक्या मोठ्याने म्हणेन असं मलाच वाटलं नव्हतं. मागे बाबा उभे राहिले. का ते त्यांनाही माहीत नाही. उभे राहिले आणि तसेच राहिले.

न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. म्हणाल्या, "अजून नोकरीत आहेत?" मी म्हटलं, मार्चपर्यंत. त्या शेजारच्या न्यायाधीशांना म्हणाल्या, "नव्या बेलिफांना शिकवायला आपण दरवर्षी एखादा वकील बोलावतो. या बाईंना बोलवा. मार्चच्या आत."

बाहेर पडताना आमच्या बाईंनी माझी बाही सरळ केली. दुसरं काही केलं नाही. त्यांच्याकडून हे फार आहे.

तुझी, फक्त तुझी
भिंगरी

२ मार्च

भिंगरी,

मोठ्या साहेबांचा निर्णय आला. पेन्शनला धक्का नाही. सेवापुस्तकात नोंद मात्र झाली आहे, लाल शाईने. ताकीद आधीची एक होतीच, आता दोन झाल्या. कारकून म्हणाले, पान जोडीने शोभतंय. मी त्यांना चहा पाजला.

काल शिकवणीचा पहिला दिवस होता. सोळा नवे बेलिफ, त्यात सहा मुली. फळा, खडू, टेबल, पाण्याचा तांब्या. मला खुर्ची दिली होती, मी बसले नाही. तुझ्या निबंधाची छापील प्रत सगळ्यांच्या हातात होती. वर तुझं नाव, त्याखाली कॉलेजचं. एका मुलीने विचारलं, "यातल्या बेलिफ तुम्हीच का?" मी म्हटलं, "हो. आणि लिहिणारी आमच्या घरातली आहे." दुसरं वाक्य तिने विचारलं नव्हतं.

मला वाटलं होतं कुलपावरच्या धुळीपासून सुरू करावं. ते मला पाठ आहे, हशाही पिकतो. पण समोर सोळा कोऱ्या वह्या उघड्या होत्या. मी खडू खाली ठेवला. आधी घड्याळजींचं सांगितलं, सगळं, खिडकीशी मी काय उत्तर दिलं तेही.

मग मी म्हटलं, "आता लिहून घ्या."

आत्या